घोरपडीबद्दल आपल्याला काय माहीत आहे, आणि कशावरून?

पालीत येऊन पालींच्या भाऊबंदांवर बोलायचं म्हटल्यावर संयोजकांनी आम्हाला दोनदा विचारलं, विषय नक्की हाच ना? हाच. गावाच्या नावाचा आणि भिंतीवरच्या पालीचा काही संबंध आहे असा आमचा दावा नाही. पण योगायोग आयता हाताशी आला, तर तो सोडवत नाही.

त्याचं असं झालं. मागच्या वेळी आपण प्रमाणांबद्दल बोललो. प्रमाण म्हणजे खरं ज्ञान मिळवण्याचं साधन: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. व्याख्यान संपल्यावर एक तरुण श्रोता पुढे आला आणि म्हणाला, सर, तुमची उदाहरणं नेहमी डोंगरावरच्या धुरापाशी आणि दोरीत दिसणाऱ्या सापापाशी येऊन थांबतात. मग खिशातून मोबाइल काढून त्यानं आम्हाला एक चित्रफीत दाखवली. इंडोनेशियातल्या कोमोडो बेटावरचा तो प्रचंड सरडा एक अख्खं हरीण गिळत होता. "ही आपल्या घोरपडीचीच जात ना? आणि हिच्या लाळेत जंतू असतात, त्यानं शिकार मरते म्हणे, हे खरं का?" त्याचे दोन्ही प्रश्न आम्ही वहीत लिहून घेतले. आजचं बोलणं त्यांच्यावरच आहे.

पहिल्या प्रश्नात तर अख्खं उपमान प्रमाण बसलंय. न्यायशास्त्रातलं जुनं उदाहरण आठवा. शहरातल्या माणसानं गवय नावाचं जनावर कधी पाहिलेलं नाही. रानातला माणूस त्याला सांगतो, गवय गाईसारखा असतो. पुढे तो रानात जातो, गाईसारखं पण गाय नसलेलं एक जनावर समोर येतं, ऐकलेलं आठवतं आणि तो म्हणतो, अरे, गवय म्हणतात तो हाच. नाव आणि वस्तू यांची गाठ इथे पडते. वैशेषिक म्हणतात, यासाठी वेगळं प्रमाण कशाला, हे अनुमानच झालं. तो वाद आज बाजूला ठेवू. आपल्यातल्या कुणी कोमोडोला जाऊन ते जनावर पाहिलेलं नसेल. पण "घोरपडीसारखं, फक्त जवळजवळ दुप्पट लांब" एवढं सांगितलं की कोकणातल्या माणसाला ते कळतं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या आमच्या नातवाला कळत नाही, कारण त्याच्याकडे मुळात घोरपडच नाही. त्याची गाडी उलट्या दिशेनं चालते. घोरपड दाखवली तर तो म्हणेल, ही कोमोडोसारखी आहे, पण लहान.

आणि सादृश्य वरवरचं नाही. दोघी वॅरॅनस या एकाच वंशातल्या. आपली घोरपड वॅरॅनस बेंगालेन्सिस. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत दीड-पावणेदोन मीटर, त्यातली निम्म्याहून जास्त शेपटी, आणि चांगली पोसलेली असली तर पाच-सात किलो वजन. कोमोडोची मोठी नरजात तीन मीटरपर्यंत जाते, वजन सत्तर किलोच्या आसपास. दोघींची जीभ सापासारखी दुभंगलेली, दोघी हवेतला वास जिभेनं टिपतात. आणि ज्या माणसानं कोमोडोवर १९८१ साली मोठा ग्रंथ लिहिला, त्या वॉल्टर ऑफेनबर्ग यांनीच १९९४ साली आपल्या घोरपडीवरही तसाच जाडजूड ग्रंथ लिहिला.

कोमोडोची शास्त्राला ओळख झाली तीसुद्धा गवयाच्या गोष्टीसारखीच. त्या बेटांवरचे लोक या प्राण्याला ओरा म्हणतात. आसपासच्या बेटांवर "जमिनीवरची मगर" अशी तिची ख्याती होती. १९१० साली फ्लोरेस बेटावरचे डच अधिकारी व्हान स्टेन व्हान हेन्सब्रूक यांच्या कानावर ते आलं. ते कोमोडोला गेले, एक जनावर मारलं, फोटो आणि कातडं जावातल्या बॉयटनझोर्गच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयाचे प्रमुख पीटर ओवेन्स यांना पाठवलं, आणि १९१२ साली ओवेन्सनी शास्त्रीय नाव देऊन ते जगापुढे मांडलं. पुस्तकात छापतात, "१९१२ साली शोध लागला." कुणाला लागला? बेटावरच्या माणसाला लागायचा राहिला नव्हता.

इथे न्यायभाष्यकार वात्स्यायनांची फार आठवण होते. शब्द हे प्रमाण केव्हा? तर बोलणारा आप्त असेल तेव्हा. आप्त म्हणजे ज्यानं ती गोष्ट स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. आणि वात्स्यायन पुढे स्पष्ट सांगतात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ तिघांनाही सारखंच लागू आहे. ओराबद्दल बेटावरचा कोळी आप्त, आणि घोरपडीबद्दल तुमच्या वाडीतला गुराखी आप्त. पण सरसकट नाही हं. जेवढं त्यानं पाहिलं, तेवढ्यापुरता. आजचा सगळा घोळ या "जेवढं-तेवढं"मध्येच आहे.

आम्ही नऊ-दहा वर्षांचे असताना पाहिलेलं सांगतो. आमच्या घरामागे चिऱ्यांचा कोरडा गडगा होता. एक घोरपड कोंबडीच्या खुराड्यातून पळाली ती थेट गडग्याच्या फटीत शिरली, शेपटी तेवढी बाहेर. वाडीतल्या दोन दांडग्या गड्यांनी ती शेपटी धरली आणि ओढली. घोरपड हलेना. तिसरा आला, तरी हलेना. शेवटी गडगा वरून उतरवावा लागला. त्या दिवशी घोरपडीची ताकद आम्ही प्रत्यक्ष पाहिली. त्यात काही खोटं नाही. तिचं कारण मात्र पुष्कळ वर्षांनी कळलं. फटीत शिरली की ती नख्या रोवते आणि अंगात हवा भरून फुगते. मग तिचं अंगच पाचर होतं. आपण ओढतो तेव्हा आपलं भांडण घोरपडीशी कमी आणि दगडाशी जास्त असतं.

आता याच पाहण्यातून पुढचं अनुमान बघा. तीन माणसं ओढून निघत नाही, तर तिच्या कमरेला दोर बांधून कडा चढता येईल. सिंहगडची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: ४ फेब्रुवारी १६७०, तानाजी मालुसरे, यशवंती घोरपड. पोवाड्यातली यशवंती आमचीही लाडकी आहे. पण सभासदाच्या बखरीत घोरपड नाही. तिथे मावळेच वानरांसारखे कडा चढून जातात. आणि त्याच्याही दोनशे वर्षं आधीची दुसरी कथा तर इथून जवळची आहे. पालीहून नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढलात की विशाळगडाचा मुलूख लागतो. त्याचं जुनं नाव खेळणा. बहमनी वजीर महमूद गावान याच्या मोहिमेत, १४७१च्या सुमारास, भोसले घराण्यातल्या बापलेकांनी घोरपडीच्या साह्यानं तो किल्ला सर केला आणि त्यावरून मुधोळच्या घराण्याला घोरपडे हे नाव पडलं, असं सांगतात. मुधोळच्या ज्या फर्मानांवर ही हकीकत उभी आहे, त्यांच्या अस्सलपणाबद्दल इतिहासकारांत वाद आहे, तेव्हा आम्ही त्यात शिरत नाही.

आमचा मुद्दा तर्काचा आहे. फटीत बसलेली घोरपड ओढून निघत नाही, हे खरं. पण उघड्या कड्यावर तिच्याभोवती फट नसते, फुगून काही उपयोग नसतो. तिथे उरतात नख्या. पाच-सात किलोच्या जनावराच्या नख्यांवर साठ किलोचा माणूस, हत्यारासकट? "जिथे घोरपड, तिथे अढळ पकड" ही व्याप्ती आपण मांडली आणि तिच्यातली अट विसरलो. नैयायिक याला उपाधी म्हणतात. धूर हवा असेल तर नुसता अग्नी पुरत नाही, ओलं लाकूड लागतं. पकड हवी असेल तर नुसती घोरपड पुरत नाही, फट लागते.

या कथेनं कुणाचं नुकसान झालं नाही, म्हणाल. मावळ्यांचा पराक्रम घोरपडीवाचूनही तेवढाच आहे. पण घोरपडीचं झालं. जिची ताकद एवढी, तिचं मांस खाल्लं, तिची चरबी चोळली की ती ताकद आपल्यात येईल, ही पुढची पायरी आहे. आणि त्या पायरीवर ती गेली कित्येक शतकं मरते आहे.

आमच्या घरातही ती तेलाची बाटली होती. आजीचे गुडघे धरायचे. रोज रात्री निखाऱ्यावर तेल कोमट करून आई अर्धा तास गुडघे चोळायची आणि वर विटेचा शेक द्यायची. आजीला बरं वाटायचं, हे अगदी प्रत्यक्ष. पण आजीच्या गुडघ्याला तेल लागलं, शेक लागला आणि सुनेचा हातही लागला. यातलं बरं कशानं वाटलं? एक आठवडा खोबरेल वापरून पाहिलं असतं तर कळलं असतं. यालाच अन्वय-व्यतिरेक म्हणतात. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, वाटीभर खोबरेल पुरतं. ते कुणी केलं नाही. आम्हीही नाही केलं, आणि पुढे चाळीस वर्षं अन्वय-व्यतिरेक शिकवला.

आता विषाचं. तरुण मित्राचा दुसरा प्रश्न. उत्तर हिंदुस्थानात घोरपडीच्या पिल्लाला बिसखोपरा म्हणतात आणि तो चावला की माणूस पाणी मागत नाही असं मानतात. आपल्याकडेही घोरपड विषारी म्हणणारे भेटतात. विज्ञानाची पुस्तकं सांगायची, छे, अजिबात विष नाही, अडाणी समजूत. आणि कोमोडो? तिचंही विष नाही, पण कुजकं मांस खाऊन तिच्या तोंडात असे भयंकर जंतू वाढतात की चावलेली म्हैस काही दिवसांत जखम चिघळून मरते. हे आम्ही वर्गात सांगत आलो. चांगलं स्पष्टीकरण कसं असावं याचा नमुना म्हणून सांगत आलो! कार्य आहे, कारण आहे, मधला दुवा आहे, चमत्कार कुठे नाही.

ते चुकीचं निघालं. २००९ साली ब्रायन फ्राय आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कोमोडोच्या खालच्या जबड्यात ग्रंथी आहेत आणि त्यांच्या स्रावात रक्तदाब पाडणारी, रक्त गोठू न देणारी द्रव्यं आहेत. २०१३ साली कोमोडोंच्या तोंडातले जंतू तपासले, तर इतर मांसाहारी प्राण्यांच्या तोंडात असावेत तसेच साधे. मग म्हशी का चिघळत होत्या? म्हैस त्या बेटांवरची मूळची नव्हे, माणसानं नेलेली. जखमी म्हैस सवयीनं डबक्यात जाऊन बसते. तिथली डबकी तिच्याच शेणानं घाण झालेली. जंतू बहुधा डबक्यातून येत होते, आणि दोष सरड्याच्या तोंडाला लागला. ऑफेनबर्गनी म्हशी मरताना पाहिल्या, हे खरंच होतं. वर्षभर त्या बेटावर राहून पाहिलेलं होतं. चूक पाहण्यात नव्हती, पुढच्या पावलात होती. आमच्या गडग्यासारखीच.

बेटावर राहून हा सरडा एवढा मोठा झाला, हे अनुमानही असंच गेलं. फ्लोरेसला पूर्वी छोट्या चणीचे हत्ती होते, त्यांची शिकार करता करता तो वाढला, असं सुंदर स्पष्टीकरण होतं. २००९ सालीच ऑस्ट्रेलियात सापडलेल्या जीवाश्मांवरून दिसलं की तो तिकडे आधीपासूनच तेवढा मोठा होता आणि मोठा म्हणूनच बेटांवर आला.

मग बिसखोपरावाले बरोबर होते का? नाही. घोरपडीच्या वर्गातही असे स्राव असावेत असं फ्राय यांचं म्हणणं आहे, त्यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण पिल्लू चावून माणूस जागीच मरतो, हे त्यातून निघत नाही. घोरपड चावली तर जखम होते, ती धुवायची आणि दवाखान्यात जायचं. मात्र "अजिबात विष नाही" असं छातीठोकपणे सांगणाऱ्या आम्हा शिकलेल्यांनीही तिचं तोंड उघडून पाहिलेलं नव्हतं. आम्ही पुस्तकाचा शब्द घेतला, गावकऱ्यानं आज्याचा घेतला. फरक एवढाच की पुस्तकवाल्यांत पुन्हा तपासायची रीत आहे. तीस वर्षं लागली, पण तपासलं.

नावाचंही ऐका. इंग्रजीत हिला मॉनिटर म्हणतात. वॅरॅनस हे नाव अरबी वरल किंवा वरन या शब्दावरून आलं. तो शब्द जर्मन भाषेतल्या "इशारा देणे" या क्रियापदासारखा वाटला आणि त्याचं लॅटिन करून मॉनिटर झालं, असं सांगतात. मगर आली की ही सूचना देते, अशी समजूतही चिकटली. वर्गातला मॉनिटर आणि गडग्यातली घोरपड सख्खी भावंडं झाली ती अशी, एका चुकीच्या ऐकण्यावरून.

या चुकीवर हसता येतं. पुढच्या चुकीवर येत नाही. तंत्रमंत्राच्या दुकानांत हत्ताजोडी नावाची वस्तू मिळते. जोडलेल्या दोन हातांसारखी दिसणारी, काळपट, शेंदरात ठेवलेली. हिमालयातल्या एका दुर्मिळ वनस्पतीचं मूळ म्हणून ती विकतात. तिजोरीत ठेवली की लक्ष्मी टिकते म्हणे. २०१७च्या सुमारास तपासणी झाली, तेव्हा ऑनलाइन दुकानांतसुद्धा ती सर्रास विकली जात होती. डीएनए काढला तेव्हा कळलं की ते मूळबीळ काही नाही. नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय आहे. साप-सरड्यांत नराला हे इंद्रिय जोडीनं असतं, म्हणून तो जोडलेल्या हातांचा आकार. काही नमुने तर प्लास्टिकचे साचे निघाले. म्हणजे नकलेचीही नक्कल.

विचार करा, ही वस्तू कोण घेतं? बहुतेक करून देवघर असलेला, कदाचित आयुष्यात मुंगीही न मारलेला माणूस. त्याला सांगितलंय, मूळ आहे. तो त्याला हळदकुंकू वाहतो. त्याच्या श्रद्धेला आम्ही नावं ठेवत नाही. तो फसला तो शब्दप्रमाणात: सांगणारा आप्त आहे का, त्यानं ते मूळ जमिनीतून निघताना पाहिलंय का आणि खरं सांगण्यात त्याचा फायदा आहे का, हे त्यानं विचारलं नाही. आणि किंमत त्यानं एकट्यानं दिली नाही.

कुणी म्हणेल, घोरपड तर शास्त्रातच भक्ष्य सांगितली आहे. सांगितली आहे. पाच नखांच्या प्राण्यांपैकी पाच भक्ष्य, असं धर्मशास्त्रात येतं आणि त्या यादीत गोधा, म्हणजे घोरपड आहे. पण मीमांसकांनी या वाक्याचा जो अर्थ लावलाय तो फार मोलाचा. ते म्हणतात, ही खाण्याची आज्ञा नव्हे. भुकेला आज्ञा लागत नाही. हे वाक्य इतर सगळ्या पंचनख प्राण्यांपासून हात आवरायला सांगतं. याला परिसंख्या म्हणतात. कुंपण घालणारं वाक्य दार उघडणारं म्हणून वाचायचं, ही आपली जुनी खोड.

कुंपण आज कायद्याचं आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला आहे. मारली, बाळगली, विकली तर तीन ते सात वर्षं कैद. पण कायद्यापुढे परंपरा हरते, असंच काही नाही. गोव्यातलं घुमट घ्या. मातीच्या भांड्याच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचं कातडं ताणून बसवत. तो नाद दुसऱ्या कशाला येणार नाही, असं जुने वाजवणारे म्हणत, आणि त्यांच्या कानाला ते खरं असेलही. पण आता बकऱ्याचं कातडं बसवतात, आरत्या वाजतात, आणि २०१९ साली गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा-वाद्य म्हणून मान दिला. वाद्य राहिलं, घोरपडही राहिली. आजीच्या गुडघ्याच्या खोबरेलासारखंच झालं म्हणा. इथे कुणीतरी बदलून पाहिलं एवढंच.

आता प्रश्न घेऊ. हां, मागच्या रांगेतल्या ताई विचारताहेत, घोरपड कोंबडीची अंडी खाते, मग तिला ठेवायची कशाला? बरोबर आहे, खाते. खुराड्याला खालून बारीक जाळी मारा. पण ती किडे, विंचू, खेकडे, उंदीर आणि मेलेली जनावरंही खाते, आणि ती तुमच्या हिशेबात येत नाहीत, कारण गेलेलं अंडं मोजता येतं, न झालेला उंदीर मोजता येत नाही. आणखी एक, पावसाळ्यात ती बऱ्याचदा वारुळात अंडी घालते. एका वेळी वीसेक. सहा-आठ महिन्यांनी पिल्लं निघतात. जमीन सपाट करताना वारूळ दिसलं तर ते बाजूला राहू द्या.

आणि इकडून विचारताहेत, घरातच शिरली तर? माणसांना बाहेर काढा, कुत्रं बांधा, एक दार उघडं ठेवा आणि तिच्या मागे काठी घेऊन लागू नका. वाट दिसली की ती आपण होऊन जाते. कोपऱ्यात कोंडली तर शेपटीचा फटका बसेल, चावेलही. फटीत शिरलीच तर ओढू नका, ते का ते आता सांगून झालंय. १९२६ हा वनखात्याचा फोन क्रमांक आहे, तो लावा. माणूस येईपर्यंत ती तिथेच फुगून बसलेली असेल.